सहासष्ट तासांचा हिशेब : डायलिसिसवर असलेल्या एका प्रवाशाचे खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्री,
माननीय नौवहन महासंचालक, मुंबई,
आणि भारतीय बंदरांतून प्रवासी जहाजे चालवणाऱ्या सर्व कंपन्यांचे व्यवस्थापन

विषय : डायलिसिसवर असलेल्या प्रवाशांना क्रूझ जहाजावर घेण्याबाबत लेखी नियम करण्याची विनंती

महोदय,

मी लातूरचा रहिवासी आहे. येथील बाजार समितीच्या आवारातील एका अडत दुकानात मी एकतीस वर्षे मुनीम म्हणून काम केले. मधुमेहाने माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी केली असून गेली सहा वर्षे मी सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सात ते अकरा या पाळीत डायलिसिस घेतो. ज्या कंपनीकडून मला प्रवासास नकार मिळाला तिचे नाव मी या पत्रात घेणार नाही. तिच्या जागी दुसरी कंपनी असती तरी तिने बहुधा हेच केले असते, कारण अशा प्रवाशाबाबत काय करावे हे तिच्यापुढे कोणीही लिहून ठेवलेले नव्हते.

मुंबईहून शुक्रवारी संध्याकाळी सुटून रविवारी परत येणाऱ्या जहाजाची दोन रात्रींची सफर माझ्या मुलीने आम्हा सर्वांसाठी ठरवली होती. आजार सुरू झाल्यापासून मी लातूरबाहेर एकही रात्र काढलेली नव्हती आणि माझ्यामुळे माझ्या पत्नीनेही काढलेली नव्हती, हे तिच्या मनात होते. तिकिटे काढण्याआधी मी वही घेऊन बसलो. गुरुवारी रात्री लातूर एक्स्प्रेसने निघून शुक्रवारी सकाळी मुंबईत उतरायचे, साडेनऊ ते दीड या वेळेत तेथील एका केंद्रात डायलिसिस घ्यायचे, दुपारी बंदरावर जायचे, रविवारी उतरून मुलीकडे मुक्काम करायचा आणि सोमवारी सकाळी साडेसातला पुन्हा त्याच केंद्रात बसायचे, असा तो बेत होता. मुंबईच्या केंद्राने माझे रिपोर्ट मागवून घेतले आणि दोन्ही दिवसांची जागा निश्चित केली. आता यातील अंतर पाहावे. लातूरला माझे डायलिसिस शुक्रवारी अकराला संपते आणि सोमवारी सातला सुरू होते, म्हणजे दर आठवड्याला मी अडुसष्ट तास यंत्राविना काढतो. या सफरीत तेच अंतर सहासष्ट तासांचे होत होते. जहाजावर गेल्याने माझ्या उपचारातील खंड वाढत नव्हता. दोन तासांनी कमीच होत होता.

बुकिंगच्या अर्जात दीर्घकालीन आजाराचा रकाना होता. त्यात मी डायलिसिसचे दिवस, शेवटच्या आणि पुढच्या डायलिसिसची वेळ, औषधे आणि माझ्या मूत्रपिंडतज्ज्ञांचा दूरध्वनी क्रमांक असे सगळे लिहिले. चार दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले की आपल्या आजारामुळे आपल्याला प्रवासाची परवानगी देता येत नाही. मधल्या चार दिवसांत माझे कागद कोणी मागवले नाहीत आणि माझ्या डॉक्टरांना कोणी फोनही केला नाही. पैसे परत मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु बुकिंग करून देणारा मुलगा फोनवर जे बोलला ते माझ्या मनातून जात नाही. तो म्हणाला, “काका, तुम्ही ते लिहिलंतच कशाला? परत बुकिंग करू आणि या वेळी तो रकाना कोरा सोडा. कोण बघतंय?” त्याने हे चांगल्या मनाने सुचवले होते आणि वस्तुस्थितीही तीच होती. आजार लिहिला तर नकार ठरलेला आणि लिहिला नाही तर कोणीही अडवणार नाही.

या दुसऱ्या वाटेने जाऊन आलेले एक गृहस्थ माझ्या शेजारच्या बेडवर असतात. त्यांनी रकाना कोरा ठेवला. पहिल्या दिवशी त्यांनी पथ्य सांभाळले. दुसऱ्या दिवशी उन्हात फिरून दोन शहाळी घेतली, जेवताना लोणचे, पापड आणि पातळ भाजी घेतली, आणि रात्री त्यांना आडवे पडता येईना. उशीला टेकून, मग खुर्चीत बसून त्यांनी रात्र काढली. पत्नीने जहाजावरच्या डॉक्टरांना बोलावू या म्हटले, तर त्यांनी तिचा हात धरला, कारण डॉक्टर आले असते तर आजार लपवल्याचे उघड झाले असते. उतरल्यावर त्यांना थेट रुग्णालयात न्यावे लागले आणि तेथे पोटॅशियम सातच्या वर निघाले. साडेतीन ते पाच या मर्यादेत असावे लागणारे पोटॅशियम सातच्या वर गेले की हृदय कोणत्याही क्षणी थांबू शकते, हे जहाजावरच्या डॉक्टरांना सांगण्याची गरज नाही. त्या रात्री जहाजावर डॉक्टर होते, ईसीजीचे यंत्रही असणार, पण या माणसाला काय झाले आहे हे सांगणारा कागद मात्र नव्हता.

महोदय, माझे म्हणणे एवढेच आहे. आजची पद्धत डायलिसिसच्या रुग्णाला जहाजापासून दूर ठेवत नाही, तर फक्त खरे लिहिणाऱ्याला दूर ठेवते. जो लपवतो तो जहाजावर चढतो आणि तोच सर्वांत धोक्यात असतो, कारण त्याची कोणाकडेच नोंद नसते. सुरक्षिततेसाठी घातलेली बंदी अशा रीतीने सुरक्षिततेच्याच विरुद्ध काम करते.

कंपन्यांच्या डॉक्टरांची भीती खोटी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. निरोगी मूत्रपिंड जे काम दिवसरात्र करते ते आम्ही आठवड्यातून बारा तासांत उरकतो. एरवी शरीरात गेलेले पाणी, मीठ आणि पोटॅशियम पुढच्या डायलिसिसपर्यंत शरीरातच साठत राहते. दोन डायलिसिसमधील आठवड्यातल्या सर्वांत मोठ्या खंडानंतरचा दिवस आमच्यासाठी सर्वांत जोखमीचा असतो, आणि भर समुद्रात रुग्णाला हलवणे म्हणजे हवामान, अंतर आणि तटरक्षक दल या सगळ्यांवर अवलंबून राहणे. म्हणूनच, डायलिसिसच्या मध्येच ज्याचा रक्तदाब वारंवार कोसळतो, ज्याच्या मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिससाठी बसवलेली नळी आहे, ज्याला नुकताच जंतुसंसर्ग होऊन गेला आहे किंवा ज्याला आठवड्यातून चारदा बसावे लागते, अशा रुग्णाला दोन रात्रींच्या सफरीसाठीही नकार दिला तर तो योग्यच ठरेल. समुद्र लागून उलट्या झाल्या तर काय करायचे, हा प्रश्नही खराच आहे. पण ही सगळी कारणे माणसाकडे आणि त्याच्या कागदांकडे पाहिल्यावर कळतात. ‘डायलिसिस’ हा एक शब्द वाचून ती कळत नाहीत.

आम्ही कसे जगतो हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिलेले नसेल, म्हणून थोडे सांगतो. माझ्या स्वयंपाकघरात फळीवर स्टीलचा एक पेला वेगळा ठेवलेला आहे. त्यात काठोकाठ दोनशे मिलिलिटर पाणी मावते आणि दिवसभरात चहा, ताक, वरण आणि गोळ्यांबरोबरचे पाणी धरून मला असे चार पेले मिळतात. प्रत्येक पेल्यागणिक मी वहीत एक रेघ मारतो. लातूरच्या मे महिन्यात दुपारी तीनला घसा सुकतो तेव्हा मी बर्फाचा एक खडा जिभेवर धरतो आणि चार खड्यांची अर्धी रेघ लिहितो. सकाळी वजन करून ड्राय वेटपेक्षा, म्हणजे जास्तीचे पाणी काढून टाकल्यानंतरच्या वजनापेक्षा, किती वाढले ते मांडतो. गेल्या वर्षभरात दोन डायलिसिसच्या मध्ये माझे वजन अडीच किलोच्या वर गेलेले नाही. रात्री झोपण्यापूर्वी डाव्या मनगटावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया लावता याव्यात म्हणून शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडलेल्या जागेवर, उजव्या हाताची दोन बोटे ठेवतो. तेथे रक्त वेगाने वाहत असल्याची एक बारीक थरथर लागते. ती लागली की दिवस संपला. जो माणूस सहा वर्षे असा जमाखर्च ठेवतो तो दोन रात्रींत नियम मोडेल की पाळेल, याचा अंदाज त्याची वही पाहणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला पाच मिनिटांत बांधता येईल.

यासाठी आपल्याच देशात एक नमुना तयार आहे. विमान कंपन्या आजारी प्रवाशाकडून वैद्यकीय माहितीचा ठरावीक अर्ज भरून घेतात. त्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही असते आणि कंपनीचा डॉक्टर तो पाहून निर्णय देतो. एवढेच नव्हे, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२२च्या जुलैमध्ये दिव्यांग प्रवाशांविषयीच्या नियमात बदल करून स्पष्ट केले की केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून प्रवास नाकारता येणार नाही, प्रवासात प्रकृती बिघडेल असे कंपनीला वाटले तर डॉक्टरांनी त्या प्रवाशाला प्रत्यक्ष तपासून मत द्यावे, आणि त्यानंतरही नकार द्यायचाच असेल तर तो कारणासह लेखी द्यावा. मूत्रपिंड निकामी होणे हे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत मोडत नाही, याची मला जाणीव आहे, आणि त्या कायद्याचा आधार मी मागतही नाही. मला त्या नियमातील रीत हवी आहे. आधी कागद पाहावा, मग डॉक्टरांनी डॉक्टरांशी बोलावे, मग निर्णय व्हावा आणि तो कारणासह लिहून मिळावा.

नौवहन महासंचालनालयाने असा एक नमुना अर्ज सर्व कंपन्यांसाठी ठरवून दिला तर त्यात काय असावे हे आमची केंद्रे आजही जाणतात, कारण परगावी डायलिसिस घ्यायचे झाले की आम्ही हेच कागद सोबत नेतो. शेवटच्या तीन डायलिसिसचे तक्ते, ड्राय वेट, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची मात्रा, फिस्टुला आहे की कॅथेटर, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन, चालू औषधे, आणि सफरीच्या आधी व नंतर कोणत्या केंद्रात किती वाजता जागा मिळाली आहे त्याचे पत्र, एवढी माहिती दोन पानांत बसते. तिची एक प्रत जहाजावरच्या डॉक्टरांकडे आधी पोचली तर पोटॅशियम उतरवणारी औषधे त्यांना तयार ठेवता येतील, आणि जेवणघरालाही या प्रवाशाच्या पानात मीठ कमी वाढावे एवढे सांगता येईल. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात बसणाऱ्या लहान सफरींसाठी याहून अधिक काही लागत नाही. जहाजावर एकही नवे यंत्र न बसवता हे उद्यापासून होऊ शकते.

पोटाचे डायलिसिस करणाऱ्यांचे प्रकरण तर आणखी सोपे आहे आणि तरीही त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नाही, हे मला विशेष खटकते. त्यांना यंत्र लागत नाही, सुई लागत नाही. पोटात बसवलेल्या नळीतून ते औषधी द्रव आत सोडतात आणि काही तासांनी बाहेर काढतात. सर्वसाधारणपणे दिवसातून चार वेळा, दर वेळी दोन लिटरची एक पिशवी. म्हणजे पाच दिवसांच्या सफरीला वीस पिशव्या आणि चाळीस किलो वजन झाले. एवढे सामान प्रवाशाने हातात घेऊन चढणे शक्य नसते, पण ते आदल्या दिवशी बंदरावर स्वीकारून त्याच्या खोलीत पोचवणे कंपनीला सहज शक्य आहे. त्याशिवाय लागते ती पिशवी अडकवायला एक खुंटी, बंद दार, हात धुण्याची जागा आणि अर्ध्या तासाची शांतता. परदेशातील अनेक जहाज कंपन्या आधी कळवल्यास असे सामान स्वीकारतात. केंद्र सरकारने २०१६-१७च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला आणि २०१९मध्ये त्यात पोटाच्या डायलिसिसचाही समावेश केला. ज्या उपचाराला सरकार स्वतः पुढे आणत आहे, त्या उपचारामुळे मिळणारी मोकळीक रुग्णाला बंदराच्या दारातही मिळावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

चार-पाच रात्रींच्या सफरींचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याबाबत घाईने काही मागणे बरोबर होणार नाही. बंदरात उतरून डायलिसिस घ्यायचे म्हटले तर चार तास यंत्रावर आणि जाण्या-येण्याचे, सुया लावण्या-काढण्याचे मिळून दोन तास, असे सहा तास जहाज तेथे थांबलेले हवे. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी, जेथे जहाज खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवासी लहान होड्यांतून बेटावर जातात, तेथे हा विचारच करू नये. दुसरा मार्ग म्हणजे डायलिसिस जहाजावरच करणे. अमेरिकेत १९७०च्या दशकापासून हे चालते. एखाद्या ठरावीक सफरीसाठी डायलिसिस रुग्णांचा गट जमवला जातो, आणि त्याच्यासोबत यंत्रे, मूत्रपिंडतज्ज्ञ, परिचारिका आणि तंत्रज्ञ जहाजावर येतात. जहाजाच्या नेहमीच्या दवाखान्यावर त्याचा भार पडत नाही. वर्षातून एखादी अशी गट-सफर मुंबईहून निघू शकेल का, याचा अभ्यास मंत्रालयाने करावा.

यावर पाण्याची अडचण पुढे केली जाईल, म्हणून लातूरकर या नात्याने मला त्याविषयी दोन शब्द बोलायचे आहेत. एका रुग्णाच्या चार तासांच्या डायलिसिसला सुमारे एकशे वीस लिटर अतिशुद्ध पाणी लागते, आणि ते तयार करताना आरओमधून, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून, वाया जाणारे पाणी त्याहून वेगळे. २०१६च्या एप्रिलमध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचे पाणी आणावे लागले, त्याच गावात आज मी दर सोमवारी सकाळी सातला बेडवर बसतो तेव्हा आरओची टाकी भरलेली असते. कधी नळाला पाणी नसते, तेव्हा मागच्या दाराने टँकर लागलेला असतो आणि आमचा तंत्रज्ञ पहिली पाळी सुरू करण्याआधी पाण्यातील क्लोरीन तपासत उभा असतो, कारण उरलेले क्लोरीन आमच्या रक्तातील पेशी फोडते. मोठी प्रवासी जहाजे तर समुद्राच्या पाण्यापासून रोज हजारो प्रवाशांपुरते गोडे पाणी तयार करतात. ते डायलिसिसच्या प्रतीचे करण्यासाठी आणखी गाळण लागते हे खरे, पण पाणी कसे आणायचे हा प्रश्न मराठवाड्याने सोडवला आहे, तो समुद्रावर सुटणार नाही असे मला वाटत नाही.

माझ्याच भागातील काही वाचक मला विचारतील, आणि त्यांना तो अधिकार आहे, की औसा, निलंगा, अहमदपूरचे रुग्ण पहाटे एसटीने लातूरला डायलिसिसला येतात, संध्याकाळी थकून परततात, आणि तुम्हाला जहाजाची चैन सुचते? तालुक्याच्या गावी यंत्रे वाढली पाहिजेत, ही मागणी मी स्वतः जिल्हा रुग्णालयात तीनदा लेखी दिलेली आहे आणि पुढेही देईन. परंतु या पत्रातील मागणीसाठी त्या रुग्णांच्या वाट्याचा एक रुपयाही लागत नाही. शिवाय हा प्रश्न जहाजापुरता नाही. आमच्या केंद्रातील कितीतरी जणांनी सख्ख्या भाच्याच्या लग्नाला जाणे सोडले, पंढरपूरची वारी सोडली, पैठणची नाथषष्ठी सोडली, कारण परगावी डायलिसिस मिळेल याची खात्री नसते आणि विचारायला गेले की कोणी नीट उत्तर देत नाही. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाच्या पोर्टलमागे ‘एक राष्ट्र, एक डायलिसिस’ अशी कल्पना आहे, म्हणजे एका ठिकाणी नोंदलेल्या रुग्णाला देशात कोठेही उपचार घेता यावा. मुंबई, मुरगाव, कोची, चेन्नई या बंदरांजवळची केंद्रे त्या व्यवस्थेत ठळकपणे दाखवली आणि तेथे प्रवासी रुग्णासाठी थोड्या जागा राखल्या, तर जहाजाने येणाऱ्यालाच नव्हे, लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईला जाणाऱ्या आईलाही त्याचा उपयोग होईल.

मंत्रालयाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले आणि ते ३१ मार्च २०२९पर्यंत तीन टप्प्यांत चालणार आहे. मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही २०२५च्या सप्टेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. धक्के, इमारती, प्रवाशांची संख्या हे सगळे वाढत असताना कोणाला जहाजावर घ्यायचे आणि कोणाला नाही, याचे नियमही आताच लिहिले गेले पाहिजेत, कारण एकदा कंपन्यांची सवय पडली की ती मोडणे अवघड जाते. मिशनची मुदत संपेपर्यंत थांबण्याइतका वेळ आमच्यापैकी अनेकांकडे नाही. माझ्या सकाळच्या पाळीत सहा वर्षांपूर्वी जे अकरा जण होते, त्यांतले आज चौघे उरलो आहोत.

म्हणून माझी विनंती अशी की मंत्रालयाने आणि नौवहन महासंचालनालयाने मूत्रपिंडतज्ज्ञ, जहाजांवर काम केलेले डॉक्टर आणि किमान दोन डायलिसिस रुग्ण यांना एकत्र बसवून वर सांगितलेला अर्ज तयार करावा, कंपन्यांनी तो संकेतस्थळावर मराठीसह प्रादेशिक भाषांत ठेवावा, कागद मिळाल्यापासून ठरावीक दिवसांत निर्णय द्यावा आणि नकाराचे वैद्यकीय कारण लिहून कळवावे. माझ्या प्रकृतीचे कारण देऊन मला नकार आला तर मी तो मान्य करीन आणि पुन्हा विचारणार नाही.

पत्रासोबत मी माझ्या वहीतील शेवटच्या तीन महिन्यांच्या नोंदींची नक्कल जोडत आहे. मुंबईच्या केंद्राने पुढच्या महिन्यातील एका शुक्रवारची आणि सोमवारची जागा मला पुन्हा देऊ केली आहे. बुकिंगचा अर्ज मी या आठवड्यात भरणार आहे आणि आजाराच्या रकान्यात मागच्या वेळी जे लिहिले होते तेच लिहिणार आहे.

आपला विश्वासू,
लातूर येथील एक डायलिसिस रुग्ण